समूह क्रमांक सात

आमच्या समूहाला नाव आहे, सांत आंतोनचं.
पण पॅरिशच्या वहीत फक्त सात.
सात म्हणजे साकवापासून वडाकडच्या खुरसापर्यंत
तेरा घरं; त्यातली दोन कुलुपात, एक अर्धं कुवेतमध्ये.
वही माझ्याकडे असते. अक्षर बरं म्हणून
फादर दियोगनी गळ्यात घातली,
तेव्हापासून दुसऱ्या नि चौथ्या शुक्रवारी
मी प्रार्थनेत अर्धीच असते, अर्धी हजेरीत.

खुर्च्या चालत येतात. खरंच.
फिलसूच्या चार, रेजिनाच्या तीन, मधल्या घराचं बाक;
पोरं डोक्यावर उलट्या घालून माडांतून आणतात,
लांबून वाटतं, पांढरी चार पायांची जनावरं
वाडी ओलांडतायत.
पुढे काचेच्या पेटीतला संत,
गेला पंधरवडा ज्याच्या घरी होता त्याच्या हातात,
आणि पेटीच्या तळाला त्या घरच्या मुंग्या.

माळेची पाच रहस्यं होतात. वाचन होतं,
ज्याचा चष्मा सापडेल तो वाचतो.
मग विनंत्या. आपापल्या शब्दांत, असा नियम.
पहिलं मिनिट कुणी बोलत नाही,
सगळे मान खाली घालून एकमेकांचे अंगठे बघतात.
आमचा संत हरवलेलं शोधून देणारा,
त्यामुळे एकदा सुरू झालं की थांबत नाही:
रेजिनाची कुडी, पॉलिसीचा कागद,
कायतानच्या धाकट्याचं अभ्यासातलं लक्ष,
माझे गुडघे, जे हरवलेले नाहीत पण मी मागते,
आणि पिएदाद मावशीचे बांगडे,
जे यंदा खंय गेले ता त्याकाच ठावक.
प्रत्येकाच्या शेवटी आम्ही म्हणतो,
हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.
मी आकडा टाकते.

बोस्त्यांव कधी काही मागत नाही.
दाराशी बसतो, अर्धा बाहेर.
पाच वर्षं झाली. होडी मिळाली, जाळं मिळालं,
निवतीच्या अंगाला दोघं मिळाले,
साल्वू नाही.
त्याच्यासमोर आम्ही कुड्या मागतो, कागद मागतो,
आणि तो आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणतो,
ऐक.

गेल्या शुक्रवारी, फिलसूच्या पडवीत,
विनंत्या संपल्या म्हणून मी पेन मिटलं
तर दाराकडून आवाज:
"माजी व्हाणा. मागच्या खेपेक कोणीतरी बदलल्यान.
पंधरा दिस दोनव डावी घालून फिरतंय."

रेजिनाला हसू फुटलं, मग सगळ्या पडवीला.
पिएदाद मावशी पदराने डोळे पुसते आहे,
आणि तोही हसतो आहे, दात नसलेल्या बाजूने.
टॉर्च आणला. पायरीखालच्या ढिगात
कायतानचा जोड निघाला, दोन्ही उजव्या.
"तरीच," कायतान म्हणाला, "मी चलतंय एकीकडे,
पाय जातत एकीकडे."

उकडलेले चणे फिरले. पोरांनी खुर्च्या उचलल्या.
बोस्त्यांव खाली उतरला, जोड घातला,
अंगणात चार पावलं टाकून पाहिली.
मग चपला हातात घेऊन पुन्हा वर आला.
"आता दुसरा सांगू?"

कुणी काही म्हटलं नाही.
सांतानने उठून पंखा बंद केला.
पोरांनी खुर्च्या होत्या तिथेच खाली ठेवल्या,
आवाज न करता, जे त्यांना जमत नाही.

तो काय बोलला ते वहीत नाही.
वहीत आहे: हजर एकोणीस, विनंत्या दहा.
नंतर दहा खोडून मी अकरा केले,
मग बारा.
चपलांची धरायची की नाही,
ते फादरना विचारायचं राहिलंय.

पाळीप्रमाणे पेटी पिएदाद मावशीकडे जायची होती.
तिने ती घेतली, छातीशी धरली,
आणि स्वतःचं दार ओलांडून पुढे
बोस्त्यांवच्या घरात नेऊन ठेवली.
म्हणाली, माज्याकडे मुंगयो खूप.